बेचाळीस बिऱ्हाडं आणि एक वेबसाइट

आमच्या मंडळाची वेबसाइट पहिल्यांदा पडली तेव्हा रेवा पेज खात होती. खात होती म्हणजे, तोंडात धरून विचार करत होती. रेवा तेरा महिन्यांची आहे आणि गिळण्याचा निर्णय ती घाईत घेत नाही. मी चमचा घेऊन तिच्यासमोर बसले होते, तेवढ्यात नंदूकाकांचा फोन आला.

"प्रांजल, वेबसाइटीवर पाटी लागलीय गो."

"कसली पाटी, काका?"

नंदूकाका, म्हणजे नंदकुमार, हे आमच्या खारवणे ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष. गेली एकोणीस वर्षं तेच अध्यक्ष आहेत, कारण निवडणुकीची नोटीस काढायचा अधिकार अध्यक्षांकडे आहे. त्यांनी पाटी एकेका अक्षरावर बोट ठेवल्यासारखी वाचून दाखवली. "पाचशे आठ. रिसोर्स लिमिट इज रीच्ड."

माझ्या हातातला चमचा हवेत राहिला. रेवाने तोंडातली पेज माझ्या कुर्त्यावर सोडली.

"काका, मी बघते. तोपर्यंत कुणालाच काही सांगू नका."

पण काकांनी आधीच सांगून टाकलं होतं. मंडळाच्या ग्रुपवर संदेश झळकत होता: 'आपल्या वेबसाइटला पहिल्याच दिवशी पाचशे आठ जणांनी भेट दिली. सर्वांचे अभिनंदन!' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. आणि आता पाचशे नऊ झाले का, हे बघायला सगळं खारवणं पुन्हा वेबसाइटवर. विक्रोळी, भांडुप, मुलुंड, जोगेश्वरी, जिथे जिथे आमचा गाववाला आहे, तिथून. बिचारी वेबसाइट उठून बसत होती आणि पुन्हा आडवी होत होती, डोहाळे लागलेल्या बाईसारखी.

वेबसाइट कशासाठी, ते सांगते. गणपतीला गावी जायला मंडळ दरवर्षी पाच बस ठरवतं. एका बसमध्ये चव्वेचाळीस जागा. आजवर या दोनशे वीस जागा नंदूकाकांच्या वहीत ठरायच्या, आणि मागच्या बाकावर कोण बसलं यावरून जी भांडणं व्हायची ती बस कशेडी घाटात शिरली तरी संपायची नाहीत. गेल्या वर्षी एका घराने मागचा बाक मिळाला म्हणून दुसऱ्या घराच्या आरतीला जायचं टाळलं. तेव्हा यंदाच्या सभेत ठरलं की आता कॉम्प्युटरच बघून घेईल. पण कॉम्प्युटर कोण बघणार? सगळे आपापल्या चपला शोधू लागले. आणि माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या.

"माझी सून करतली," त्या म्हणाल्या. "रेवाच्या आधी ती कंपनीत वेबसाइटीच बघायची."

हे खरं होतं, पण अर्धं. मी वेबसाइटी बनवायचे नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्या वेबसाइटीतल्या चुका शोधायचे. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकात मीठ कमी आहे एवढंच सांगितलेल्या बाईला लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करायला लावण्यासारखं होतं ते. पण आईंनी, सुनंदाबाईंनी, भर सभेत माझ्यासाठी शब्द टाकला होता. नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात मी काही करू शकेन असं बोलणारी ती पहिलीच व्यक्ती होती. मी हो म्हटलं.

आणि अजून एक गोष्ट होती. गेल्या गणपतीत रेवा दोन महिन्यांची होती, म्हणून आम्ही गेलो नाही. आईही गेल्या नाहीत. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून एकोणचाळीस वर्षांत त्यांचा चुकलेला तो पहिला गणपती. त्या आरतीच्या वेळी गावच्या घरी फोन लावून, तो कानाला धरून, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तेव्हा यंदा जायचं, रेवाला घेऊन, खिडकीची जागा घेऊन, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

तर अशी वेबसाइट. बुधवारी ती नुसती बघायला उघडली होती, आणि बुधवारीच पडली. रविवारी सकाळी नऊला खरं बुकिंग होतं.

रेवाला दुपारी झोपवलं (हा सगळा उद्योग तिच्या दुपारच्या झोपेतलाच, हे लिहितेय तेही तिथलंच) आणि वेबसाइटला जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन लावला. कंपनी आम्ही सभेच्या ठरावानुसार 'सर्वांत किफायतशीर' अशी निवडली होती. बावीस मिनिटं बासरी ऐकल्यावर सौरभ नावाचा मुलगा आला. आधी इंग्रजीत बोलला. मग माझ्या मांडीवर रेवा कुरकुरली आणि मी "अगं अगं, ओ ओ ओ" केलं, तसा म्हणाला, "मॅडम, मराठी का? मग बोला ना मोकळेपणी."

"दादा, आमची वेबसाइट सारखी पडतेय."

"मॅडम, पडत नाहीये. आम्ही थांबवतोय."

यात नम्रपणे अपमान झाला आहे हे मला चार सेकंदांनी कळलं.

"म्हणजे बघा," तो समजावू लागला, "एका मशीनवर तीनेकशे वेबसाइटी राहतात. शेअर्ड होस्टिंग म्हणतात त्याला. मशीन एक, त्याची ताकद एक, ती सगळ्यांत वाटलेली. तुमच्या खात्यात एका वेळी वीसच जण आत येऊ शकतात. एकविसावा आला की पाटी. नाहीतर तुमच्यामुळे शेजाऱ्यांची वेबसाइट बसेल."

"शेजारी कोण आहेत?"

"ते नाही सांगता येत, मॅडम. पण त्यांच्या तक्रारी येतायत."

मला आमच्या सोसायटीची आठवण झाली. रात्री मिक्सर लावला म्हणून नोटीस आली होती, तेव्हा कान असेच गरम झाले होते. कुठे कुणास ठाऊक, कुठल्या शहरातल्या कुठल्या मशीनवर, खारवण्याच्या लोकांनी शेजाऱ्यांची झोप उडवली होती.

"पण वीस जणांत पडायला काय झालं? माणूस येतो, बघतो, जातो."

"तुमच्याकडे जात नाहीये, मॅडम. तुमच्या पानावर काय काय आहे ते बघा ना. प्रत्येक जण आत आला की खूप वेळ आतच राहतोय."

फोन ठेवून मी पान उघडलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे जुन्या नोकरीच्या नजरेने बघितलं. दुसऱ्याची वेबसाइट असती तर मी दोन पानी अहवाल लिहिला असता. उघडताक्षणी देवळातली घंटा वाजायची. ती नंदूकाकांची इच्छा. मग कार्यकारिणीच्या एकतीस सदस्यांचे फोटो, प्रत्येक फोटो असा की उपखजिनदारांच्या मिशीचा केस अन् केस मोजता यावा. आणि सगळ्यात वर, 'बाप्पा यायला उरले' म्हणून दिवस, तास, मिनिटं आणि सेकंद. हे सेकंद बरोबर राहावेत म्हणून प्रत्येक फोन दर दोन सेकंदांनी मशीनला विचारत होता, "किती उरले? किती उरले?" पंगतीत वाढायला एकच माणूस आणि प्रत्येक जण दर घासाला विचारतोय, जिलबी कधी? वाढणारा वेडा होणार नाही तर काय!

मोठं खातं घ्यायचं ठरवलं. नंदूकाका लगेच तयार झाले, सभा वगैरे नंतर बघू म्हणाले, हे मी त्यांच्या नावावर जमा करते. पण खातं त्यांच्या नावावर, आणि बदल करायला त्यांच्या नंबरवर ओटीपी येणार. तो नंबर कुठला? जुना. जुना फोन कुठे? खारवण्याला, देवघराशेजारच्या कपाटात, बंद करून. "बॅटरी खराब व्हता नये म्हणून," काका म्हणाले. गावच्या चुलतभावाने कपाट उघडलं, फोन चालू केला, पण घरात रेंज नाही. रेंज आंब्याखाली. तो आंब्याखाली पोचेपर्यंत ओटीपीची दहा मिनिटं संपत. तीनदा धावल्यावर चुलतभावाने निरोप पाठवला की मंडळाला एवढी घाई असेल तर ओटीपी पोस्टाने पाठवावा.

शुक्रवारी एकदाचा ओटीपी वेळेत पोचला. कंपनीने कळवलं, खूप छान, नवीन जागी सामान हलवायला बहात्तर तास लागतील.

म्हणजे सोमवार.

या काळात सल्ले मात्र भरपूर मिळाले. शेजारची चेतना, जी बँकेत आहे आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असल्याने मला कायम समोर बसवून बोलते, म्हणाली, "प्रांजल, तू ना, क्लाउडवर टाक सगळं."

"म्हणजे नक्की काय करू?"

"ते मला नाही माहीत यार. पण आमच्याकडे काहीही झालं की हेच म्हणतात." तिचे सासरे धोंडिराम दारातूनच म्हणाले, "बंद करून चालू कर, पोरी. वीस वर्षं लिफ्टमन होतो, मला माहितेय." आणि माझा नवरा सुशांत संध्याकाळी डबा ठेवता ठेवता म्हणाला, "तू उगाच अंगावर घेतलंस." हा सल्ला नव्हता, पण मी त्याला असं उत्तर दिलं, की तो पुढचा तासभर रेवाला घेऊन गच्चीवर होता.

मी घंटा काढली. सेकंद काढले. फोटो काढले, तर उपखजिनदारांनी राजीनामा दिला. तो नंदूकाकांनी विचारार्थ ठेवून घेतला. शनिवारी दुपारी, रेवा झोपली असताना, वेबसाइट इतकी हलकी झाली की माझ्या फोनवर टिचकीसरशी उघडत होती. मी एकटीच होते ना त्यात.

रविवारी आठ वाजता आई बाजारात गेल्या. जाताना म्हणाल्या, "माका काय त्यातला समाजणा नाय. पण तुया केलंस म्हणजे बराच केलं असतलंस." आणि पिशवी झटकून निघाल्या. अशा वेळी बाईने ओरडावं तरी. विश्वास टाकून निघून जाणं फार वाईट.

नऊ वाजून सहा सेकंदांनी पाटी लागली.

फोन वाजायला लागले. माझा, सुशांतचा, आईंचा घरी राहिलेला. भांडुपहून कुणी, मुलुंडहून कुणी. एक काकू म्हणाल्या, "मी सारखा दाबतंय, सारखा दाबतंय, उघडणाच नाय!" प्रत्येकजण सारखं दाबत होता, आणि दाबल्यामुळेच उघडत नव्हतं, आणि उघडत नव्हतं म्हणून दाबत होता. मी आतल्या नोंदी काढून बघितल्या. जागा मागताना आपलं आणि प्रवाशाचं नाव टाकायचं होतं, त्यामुळे कोण कुणासाठी धडपडतंय ते त्यात दिसत होतं. आणि तिथे मला ते दिसलं.

सोनूबाई मावशी म्हणून आमच्याकडे एक आहेत, वरच्या वाडीच्या, शहात्तर वर्षांच्या, जोगेश्वरीला एकट्या राहतात. त्यांच्या एका जागेसाठी नऊ फोन आत घुसायला बघत होते. दोन भाचे, तीन पुतण्या, एक सून, शेजारीण, जुन्या चाळीतली एक मैत्रीण, आणि स्वतः मावशी. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कुणी नाही केलं तर म्हातारी राहील. असं प्रत्येक म्हातारीचं, प्रत्येक गरोदर मुलीचं. दोनशे वीस जागांसाठी दीड-दोन हजार वेळा दार वाजत होतं, आणि त्यात कुणीही स्वतःपुरता स्वार्थी नव्हता. स्वार्थी असते तर वेबसाइट तरली असती.

साडेनऊला नंदूकाकांचा फोन. आवाज मऊ होता, तेच जास्त लागलं. "प्रांजल, वाईट वाटून घेव नको हां. अकरापर्यंत बघूया. नाय झालं तर मी वही काढतंय. सुनंदावहिनींका मी सांगतंय समजावून."

आईंना समजावून सांगणार. भर सभेत उभ्या राहिलेल्या आईंना. मी लॅपटॉप मिटला आणि रडायला बसले. रेवा रांगत आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि माझं तोंड उघडून आत काय आहे ते बघू लागली. तिला वाटलं मी काहीतरी खातेय.

तेवढ्यात आई आल्या. हातात माशांची पिशवी. "काय झालां गो?"

मी सांगितलं. रडत, अर्धवट, मध्येच इंग्रजी शब्द, मध्येच नाक. मशीन एक, बिऱ्हाडं तीनशे, आम्हाला एका वेळी वीसच.

आईंनी पिशवी मोरीत ठेवली, हात धुतले, पदराला पुसले. "एका वेळाक वीस," त्या म्हणाल्या. "मग वीस-वीसच सोड ना."

"आई, ते सगळे एकदम येतात."

"येतलेच. पाणी जातला असा वाटला की माणूस एकदमच येता." मग त्या खाली बसल्या, रेवाला मांडीवर घेतलं. "मुंबयत इलंय तेव्हा टेकडीवरच्या चाळीत आपल्या गाववाल्यांचो नळ होतो. बेचाळीस बिऱ्हाडां, नळ एक, पाणी पाऊण तास. पयल्या वर्षी रोज मारामारी. एकीचो दात पडलो. मग आम्ही बायकांनी नंबर लावले. आज ह्या बाजूच्या खोल्यो आधी, उद्या त्या बाजूच्यो. ज्येचो नंबर नाय तेणी नळाकडे येवचाच नाय, घरात बसान भाकऱ्यो करूच्यो. पाणी तितकाच होता गो. पण सगळ्यांक पुरलां."

मी नाक पुसलं.

"वरची वाडी धा वाजता," आई बोटं मोजत होत्या. "मग खालची वाडी. मग देऊळवाडी, मग बंदरवाडी. आणि एका घरातसून एकच फोन. सोनूबायसाठी एकच भाचो. खंयचो तो मी सांगतंय."

मी म्हटलं, "आई, ऐकतील का?"

"माझा ऐकतले नाय तर जातले खंय?" त्यांनी माझा फोन उचलला, ग्रुपवर बोलून संदेश सोडला. तो एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता आणि त्यात आठ जणांची नावं घेऊन त्यांना फोन खाली ठेवायला सांगितलं होतं. शेवटचं वाक्य होतं, "आणि नंदू, तू मधी मधी उघडून बघू नको."

दहाला वरची वाडी आली. मी मशीनच्या आकड्यांकडे बघत होते. अकरा जण आत. चौदा. सतरा. एकोणीस. मग सोळा, नऊ, तीन. संपली वरची वाडी. सव्वादहाला खालची. कुणीतरी बंदरवाडीतला मध्येच घुसला तर ग्रुपवर लगेच, "ए, तुझो नंबर नाय रे!" देऊळवाडीच्या वेळी एकदा आकडा वीसला टेकला, पण पाटी लागली नाही. एकाचा फोन डिस्चार्ज झाला होता. तो बाहेर पडला.

साडेअकराला सुशांत दोन कप चहा घेऊन आला. एक माझ्यासमोर ठेवला, एक आईंसमोर, आणि रेवाला लंगोट बदलायला घेऊन गेला. मी त्याला माफ केलं. अर्धं.

बाराच्या सुमाराला दोनशे वीस जागा भरल्या. एकही भांडण नाही. नंदूकाकांनी वही मिटल्याचा फोटो ग्रुपवर टाकला.

आणि मग मला कळलं. मी पूर्ण सकाळभर दारावर उभी राहून लोकांना आत सोडलं, आणि आमच्या घरातल्या कुणाचीच जागा घेतली नव्हती. आई वरच्या वाडीच्या. वरच्या वाडीचा नंबर दहाचा. तो कधीच गेला होता. शिवाय बंदरवाडीतली सतरा माणसं जागा न मिळाल्याचं कळवत होती, तीही हिशेबाप्रमाणे मावायला हवी होती.

मला आईंकडे बघवेना. त्यांच्या मांडीवर रेवा झोपली होती. त्यांनी तिचे पाय हातात धरले होते. "आई," मी म्हटलं, "आपली जागा..."

"बघ तरी आधी."

"कुणी घेतली असणार? आपण फोनही उचलला नाही."

"बघ तू."

मी यादी उघडली. पहिली बस, जागा तीन आणि चार: 'प्रांजल (लेकुरवाळी), सुनंदाबाई'. खिडकी. घेणारं घर: सोनूबाई मावशी. माझे डोळे भरले. मग खाली बघितलं. दुसरी बस, जागा सात आणि आठ: 'प्रांजल वहिनी व बाळ, सुनंदाकाकी'. पहिली बस, अकरा-बारा: 'सुनंदाची सून'. चौथी बस, तीन-चार: 'रेवा आणि आई, आजी'. देऊळवाडी. खालची वाडी. उपखजिनदार, ज्यांचा फोटो मी काढला होता. नंदूकाका.

अकरा घरांनी आमच्यासाठी जागा धरल्या होत्या. प्रत्येकी दोन. सगळ्या खिडकीच्या.

"आई, हे काय?"

"टेकडीवरचो नियम," आई म्हणाल्या, जसं काही त्यात विशेष नव्हतं. "लेकुरवाळीची बादली रांगेत नसता. तिणा पोरग्याक बघूचा. तिची बादली ज्येचो नंबर असात तो भरता. मी तुका सांगितलंय नाय?"

"पण अकरा जणांनी?"

"एकान भरली हा की नाय ता दुसऱ्याक काय म्हायत?"

एकच माणूस दोनदा आला तर अडवायचं, हे मी वेबसाइटमध्ये घातलंच नव्हतं. जुन्या नोकरीत ही चूक मी पहिल्या पाच मिनिटांत पकडली असती. तेरा महिन्यांच्या, नऊ किलो वजनाच्या माझ्या पोरीने पाचपैकी चार बस अडवून ठेवल्या होत्या. सुशांतसाठी मात्र अकरा घरांपैकी एकानेही जागा धरली नव्हती. टेकडीच्या नियमात नवऱ्याची बादली नसावी.

बावीसमधल्या वीस जागा सोडायच्या होत्या. एकेक सोडताना मी नाव वाचत होते आणि आई 'हां, ती चांगली हा', 'हां, तिच्या घराक मी बाळंतपणाक गेल्लंय' असं म्हणत होत्या. सतरा जागा बंदरवाडीला गेल्या. एक सुशांतला, पाचव्या बसच्या मागच्या बाकावर. दोन उरल्या, त्या नंदूकाकांनी भजनाच्या पेटी आणि तबल्यासाठी घेतल्या, आणि पुढच्या वर्षी घंटा परत घालायची विनंती लेखी पाठवली.

मग आईंनी फोन उचलला. अकरा घरांचे आभार मानायचे होते. मी रेवाच्या अंगावरून पांघरूण घेता घेता ऐकत होते.

"सोनूबाय? अगो, तू धरलेली जागा होती ना, तीच ठेवलंव. बाकीच्यो सगळ्यो सोडल्यांव. तुझीच बरी होती."

पुढचा फोन. "वहिनी, तुमचीच ठेवलंव. खिडकी बरी होती तुमची."

पुढचा.

अकराही घरांना त्यांनी सांगितलं, तुमचीच ठेवली. गणपतीला पहाटे पाच बस एकामागे एक उभ्या राहतील आणि अकरा घरं वाट बघतील की प्रांजल लेकराला घेऊन आपल्याच जागेवर येऊन बसते. तेव्हा काय करायचं ते आईच बघतील. तेवढी ताकद माझ्या खात्यात नाही.